पडला असावा, पडला, बरं झालं!

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात आवक घटली, की कुणीतरी म्हणणारच, ‘रात्री पाऊस पडला असावा.’ अशी घडून गेलेल्या गोष्टीची नुसती शक्यता किंवा शंका सांगायला फ्रेंचमध्ये भूतकाळी सब्जंक्टिव्ह लागतो. ‘आव्वार’ किंवा ‘एत्र’ या साहाय्यक क्रियापदाचे वर्तमान सब्जंक्टिव्ह रूप घ्यायचे, पुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित जोडायचे. पाऊस पडल्याची शक्यता: ‘किल ए प्ल्यू’, एखादा माणूस निघून गेल्याची शंका: ‘किल स्वा पार्ती’. मराठी माणूस अडखळतो तो पुढे. ‘पाऊस पडला, बरं झालं’ यात आपल्याला शंका नसते, म्हणून साधा भूतकाळ पुरतो. फ्रेंच मात्र आनंद, खेद, आश्चर्य यांच्यामागेही सब्जंक्टिव्हच लावते. तिथे घटना खरी असूनही बोलणाऱ्याची भावना रूप ठरवते.