कर्ज फिटलं, सिबिलवर मात्र ‘थकबाकी’. तक्रारीची पोच नसेल तर भरपाईही नाही

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकार बँकांना बजावत असतं. पण ट्रॅक्टर, पाइपलाइन किंवा घराचं कर्ज मागितलं की पहिलं सिबिलच उघडलं जातं. तिथं कर्जमाफीत निल झालेलं किंवा स्वतः फेडलेलं खातं थकीत दिसलं, की फाइल परत.

शाखेत विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘आमच्याकडं बाकी नाही, सिबिलचं आमच्या हातात नाही.’ हे उत्तर पटणारं नाही. सिबिलवर दिसते ती बँकेनं पाठवलेली माहिती. त्यामुळं चुकीची नोंद सुधारायची तर सुधारित माहिती बँकेनंच पाठवायची असते.

रिझर्व्ह बँकेचा याबाबतचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यात बँकेला २१ दिवस. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ज्याच्यामुळं उशीर, त्यानं द्यायची. मग ती बँक असो वा सिबिलसारखी कंपनी.

खरी मेख इथंच आहे. हे ३० दिवस तक्रार नोंदल्याच्या तारखेपासून मोजले जातात. मॅनेजरला तोंडी दहा वेळा सांगितलं, तरी मोजणी सुरूच होत नाही.

म्हणून आधी रिपोर्ट काढा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्यातली नेमकी चुकीची नोंद दाखवून लेखी अर्ज करा, बेबाकी दाखला जोडा, तारखेसह शिक्क्याची पोच घ्या. नुसतं ‘स्कोअर कमी का?’ असं विचारलं तर ते या भरपाईत बसत नाही. तडजोडीत कमी पैसे भरून मिटवलेलं खातं ‘सेटल्ड’ दिसतं, तीही चूक नव्हे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

नियम शेतकऱ्याच्या बाजूनं आहे, पण तो कागदावर चालतो. बँकेत मारलेले हेलपाटे कुठंच मोजले जात नाहीत. पोचेवरची तारीख मोजली जाते.