किटच्या आतला उन्हाळा

ऊन लागणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो भर दुपारी शेतात राबणारा शेतकरी, नाहीतर रस्त्यावर डांबर अंथरणारा मजूर. छपराखाली काम करणाऱ्यालाही उष्णतेचा तोच त्रास होऊ शकतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि ज्या रुग्णालयात ऊन लागलेल्यांवर उपचार होतात, तिथल्या सिस्टर्सना तो होत असेल, हे तर मुळीच नाही. २०२०च्या उन्हाळ्याने मात्र ते दाखवून दिले. २२ मार्चला ज्यांच्यासाठी आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या, ते डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातले मामा आणि मावश्या पुढे एप्रिल-मेच्या काहिलीत पीपीई किट घालून सहा-सहा तास उभे होते. साथ ओसरली आणि त्या किटच्या आत नेमके काय घडत होते, हा प्रश्न मागे पडला.

माणसाचे शरीर म्हणजे अखंड पेटलेली चूल. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. रुग्णाला कुशीवर वळवताना, ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलताना ती दुप्पट-तिप्पट होते. ही उष्णता घालवण्याचे उन्हाळ्यातले मुख्य साधन म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच ओघळून बुटात साचला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. नागपूरचा वाळ्याचा कूलर मुंबईत का चालत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. विषाणूला अडवणारे किटचे कापड वाफेलाही अडवते. थोड्याच वेळात आतली हवा दमट होते, गॉगलवर धुके धरते आणि घाम वाळणे थांबते. मग बाहेर विदर्भाची कोरडी हवा असली, तरी आत मुंबईच असते.

त्यात त्या वर्षी परिस्थितीने भर घातली. एका खोलीतली हवा दुसरीत जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणी मध्यवर्ती वातानुकूलन बंद ठेवावे लागले. मार्चपर्यंत आपल्या देशात अशी किट जवळजवळ बनतच नव्हती. मे महिन्यात ती रोज लाखावर बनू लागली. हे खरोखरच कौतुकास्पद होते. कोइमतूरच्या ‘सिट्रा’ या वस्त्रसंशोधन संस्थेत कापडातून कृत्रिम रक्त झिरपते का, याची परीक्षा होई. ती आवश्यकच होती. मात्र ते कापड घालून माणूस किती वेळ काम करू शकेल, या प्रश्नाला तेवढे महत्त्व मिळाले नाही. किट तुटपुंजी, एकदा उतरवले की टाकून द्यायचे. म्हणून एका पाळीला एकच. पाणी प्यायचे तर किट उतरवावे लागणार, लघवीला जायचे तरी तेच. त्यामुळे अनेकजणी ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी तोडत. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याची कल्पना घरातल्या बायकांना सांगायला नको. थोडक्यात, कामाचे तास माणसाच्या शरीराने नव्हे, तर किटच्या साठ्याने ठरवले.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. शरीर तापू लागले की आधी डोके दुखते, मग लक्ष उडते आणि हात चुकू लागतो. अशा अवस्थेत सुई टोचायची असते, औषधाची मात्रा मोजायची असते. आणि संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा क्षण येतो तो अगदी शेवटी, किट उतरवताना. दमलेला माणूस त्याच वेळी गॉगलखालचा घाम पुसायला चेहऱ्याकडे हात नेतो. म्हणजे उष्णतेपासूनचे संरक्षण हा संसर्गापासूनच्या संरक्षणाचाच भाग आहे.

हे ज्ञान २०२०मध्ये नवीन नव्हते. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाने अकरा हजारांहून अधिक बळी घेतले; त्यांत पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते. तिथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या केंद्रांत जोडीजोडीने आत जायचे, एकमेकांवर नजर ठेवायची आणि साधारण तासाभरात बाहेर यायचे, अशी शिस्त होती. रुग्ण समोर तळमळत असताना घड्याळ पाहून निघणे जिवावर येई. पण शुद्ध हरपलेला डॉक्टर कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

आपल्याकडे याहून फार खर्चिक काही करायला नको. आत जाण्यापूर्वी पाणी किंवा जलसंजीवनी, बाहेर आल्यावर गार खोलीत ठरलेली विश्रांती, नव्या माणसाला उष्णता अंगवळणी पडावी म्हणून आठवडा-दोन आठवडे कमी वेळ काम, आणि दाराशी एक वजनकाटा. साठ किलोच्या माणसाचे वजन एका पाळीत सव्वा किलोने घटले, तर ती धोक्याची खूण समजावी. खर्च वाढतो तो पाळ्या लहान केल्याने. कारण तेव्हा माणसे जास्त लागतात. वर्षानुवर्षे रिकाम्या राहणाऱ्या परिचारिकांच्या जागांचा प्रश्न इथे येऊन भिडतो.

केरळात २०१८च्या मे महिन्यात निपाह आला आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा येत राहिला. साथी ऋतू पाहून येत नाहीत, आणि आपले उन्हाळे तर अधिकच कडक होत आहेत. पुढच्या साथीच्या तयारीचा आढावा घेताना गोदामात किती किट आहेत, हे हमखास विचारले जाते. ती घालून कोणी किती वेळ काम करायचे आणि नंतर कुठे बसायचे, हेही त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजे. उद्या आपल्याच घरातला कोणी त्या वॉर्डात खाटेवर असेल. त्याच्यावर वाकलेल्या सिस्टरचे डोके शांत आणि हात स्थिर असणे, ही त्याचीही गरज आहे.