पेन ड्राइव्ह लावल्यावर आत कोण येतं?

पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की दोन-चार सेकंदांत त्यातल्या फाइली दिसू लागतात. तेवढ्या वेळात आत काय घडतं, याचा कधी विचार केलाय?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. मेमरी, प्रोसेसर, जोडलेली उपकरणं, सगळ्यांवर त्याचाच ताबा. पण प्रिंटर, कॅमेरे, वाय-फाय कार्डं हजारो प्रकारची. प्रत्येकाशी बोलणारा प्रोग्राम कर्नलमध्ये आधीच भरून ठेवला, तर मेमरी उगाचच अडून राहील. म्हणून असे प्रोग्राम, म्हणजेच ‘मॉड्यूल’, डिस्कवर वेगळे ठेवतात. रोजची भांडी ओट्याजवळ आणि पुरणयंत्र माळ्यावर, तसंच हे!

पेन ड्राइव्ह लावताच तो आपली ओळख सांगतो: कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा. लिनक्समध्ये त्या ओळखीवरून योग्य मॉड्यूल शोधलं जातं. त्याला दुसऱ्या मॉड्यूलची मदत लागत असेल, तर तेही सोबत येतं. दोन्ही चालू कर्नलला जोडली जातात. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. काम झालं की मॉड्यूल काढताही येतं.

सोय मोठी, पण जोखीमही तितकीच. साधं ॲप बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. कर्नलमध्ये आलेल्या मॉड्यूलला मात्र घरच्यासारखे सगळे अधिकार मिळतात. ते चुकलं की अख्खं मशीन कोसळतं. १९ जुलै २०२४ ला हेच दिसलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. त्याने सदोष अपडेट फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर ठप्प झाले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

• ड्रायव्हर हाही कर्नलमध्ये शिरणारा पाहुणाच. तो सिस्टिमच्या अपडेटमधून किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

• मॉड्यूल कोणी बनवलं आणि वाटेत कोणी बदललं तर नाही ना, हे डिजिटल सहीवरून तपासता येतं. सहीबद्दल इशारा आला तर तिथेच थांबा.

• एखादा व्हिडिओ पाहून ‘सिक्युअर बूट’ बंद करू नका.

घराची किल्ली आपण कुणाच्याही हाती देत नाही. मग कर्नलची तरी का द्यावी?