मुक्कामी गाडीचे चालक-वाहक

मोटार वाहतुकीतील कामगारास ज्या ज्या ठिकाणी रात्रीचा मुक्काम करणे भाग पडते, त्या त्या ठिकाणी पुरेसा उजेड व खेळती हवा असलेली, स्वच्छ आणि सुखावह अशी विश्रांतीची जागा मालकाने पुरविली पाहिजे, अशी तरतूद १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाच्या नवव्या कलमात होती. दिवसाचे काम सामान्यतः ८ तासांचे व आठवड्याचे ४८ तासांचे असावे, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती मिळावी, असेही त्याच कायद्याने बजावले होते. २०२० च्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला, म्हणून त्यामागचा विचार रद्दबातल ठरत नाही. कामगाराचे आरोग्य हे त्याच्या निद्रेशी, अन्नाशी आणि कामाच्या वेळापत्रकाशी निगडित आहे, हे ज्या पिढीने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले, तिची दृष्टी वर्षातून एकदा आगाराच्या आवारात मांडव घालून रक्तदाब मोजण्यातच कर्तव्यपूर्ती मानणाऱ्या आजच्या शिरस्त्याहून खचितच अधिक दूरवर पोहोचलेली होती.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एस.टी.ने खेड्यापाड्यांशी जे नाते जोडले, त्याचा खरा आधार मुक्कामाची गाडी हाच आहे. तालुक्याच्या गावाहून दिवेलागणीनंतर निघून डोंगराकडील एखाद्या वस्तीत रात्री थांबणारी आणि पहाटे शाळकरी मुले, रुग्ण, बाजारकरू यांना घेऊन परत फिरणारी ही गाडी नसेल, तर त्या गावाचा जगाशी असलेला संबंधच तुटेल. परंतु ज्या दोन माणसांच्या जिवावर हा संबंध टिकतो, त्यांच्या रात्रीची तजवीज बहुधा कोणाच्याच दप्तरी नसते. कोठे मंदिराच्या ओवरीत, कोठे शाळेच्या पडवीत, आणि बहुतेक ठिकाणी गाडीतल्याच आसनावर पाय दुमडून ते रात्र काढतात. डब्यातले सकाळचे अन्न खावयाचे, डास आणि उकाडा सोसावयाचा, आणि शौचास अंधारात उघड्यावर जावयाचे. रात्री साडेनऊला पोहोचलेल्या गाडीने पहाटे साडेपाचला निघावयाचे असेल, तर मधले अंतरच ८ तासांचे होते. त्यातून वाहकाचा हिशेब, दोघांचे जेवण आणि पहाटेची तयारी वजा जाता निद्रेच्या वाट्याला जे उरते, ते घाटाची वळणे उतरणाऱ्या डोळ्यांना पुरेसे आहे असे कोणत्याही वैद्यास म्हणता येणार नाही. आषाढी वारीच्या व गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या सुटू लागल्या, की ही अपुरी विश्रांतीही आखडते. आणि एरवीही एका कामगिरीला दुसरी जोडून करावयाची डबल ड्युटी हा अपवाद न राहता नित्याचा परिपाठ होऊन बसतो.

कामाची रचना माणसाच्या हृदयापर्यंत कशी पोहोचते, याचा एक दाखला याच व्यवसायातून मिळालेला आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना करून जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली असे दाखवून दिले, की दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आहे. पुढे त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांचा कमरेचा घेर तरुणपणापासूनच मोठा असल्याचे आढळले, आणि दोहोंतील सारे अंतर केवळ कामामुळे पडते असे म्हणणे कठीण झाले. तथापि नोकरीच्या स्वरूपाकडे वैद्यकाची दृष्टी वळली ती वळलीच. आमच्याकडचा वाहक जिने चढत नाही; तो खचाखच भरलेल्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, एका हाताने दांडी व दुसऱ्या हाताने तिकिटाचे यंत्र सांभाळीत तासन्‌तास उभा असतो. त्याच्या कंबरेची, पायांच्या शिरांची, चालकाच्या मणक्याची व कानांची चिकित्सा लंडनच्या अनुमानांवरून नव्हे, तर आमच्याच आगारांतून व्हावयास हवी.

यात सर्वांत नाजूक बाब वैद्यकीय तपासणीची आहे. रक्तदाब अथवा मधुमेह नोंदला गेला, तर सुकाणूवरून आपल्याला उतरवतील, जादा कामाचा भत्ता बुडेल, कदाचित नोकरीवरच गदा येईल, या भयाने चालक आपला आजार लपवितो, बाहेरच्या बाहेर गोळ्या घेतो, आणि पन्नास प्रवाशांना घेऊन रस्त्यावर निघतो. जी तपासणी रोग्याची उपजीविका हिरावून घेते, तिच्यापुढे रोगी खरे बोलेल अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढून टाकता येणार नाही वा त्याचा हुद्दा उतरविता येणार नाही, त्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम दिले पाहिजे, हे तत्त्व १९९५ च्या व नंतर २०१६ च्या कायद्याने प्रस्थापित केले आहे. तेच संरक्षण मधुमेहाला, रक्तदाबाला आणि निद्रेच्या विकारांनाही एस.टी. महामंडळाने आपण होऊन लागू करावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. त्यावाचून आरोग्यशिबिरांवरचा खर्च व्यर्थ आहे.

महिला वाहकांची अडचण याहून बिकट आहे. बसस्थानकावरील स्वच्छतागृह बंद, अस्वच्छ अथवा अंतरावर असते आणि गाडी सुटण्याची वेळ झालेली असते. मग पाणीच पिऊ नये, हा मार्ग त्या पत्करतात आणि मूत्रमार्गाच्या विकारांना बळी पडतात. या प्रश्नावर समिती नेमण्याची आवश्यकता नाही. किल्ली, पाणी आणि झाडूवाला एवढ्यानेच तो बहुतांशी सुटणारा आहे.

महामंडळ तोट्यात आहे, हे उत्तर आम्हांस अपेक्षित आहे. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन अनेक महिने चाललेल्या संपाने कर्मचाऱ्यांच्या मनातली व्यथा किती खोल गेली आहे हे साऱ्या राज्याने पाहिले. त्या व्यथेत पगाराइतकाच उपेक्षेचाही वाटा होता असे आमचे मत आहे. मुक्कामाची खोली मात्र तोट्याच्या सबबीवर नाकारण्याजोगी बाब नव्हे. जे गाव मुक्कामाची गाडी मागते, त्याच्या ग्रामपंचायतीने दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी व शौचकूप असलेली एक खोली द्यावी आणि महामंडळाने तिचे माफक भाडे भरावे. अशी खोली मिळेपर्यंत त्या मार्गाची पहाटेची वेळ ९ तासांच्या विश्रांतीचा हिशेब करूनच ठरवावी. त्यासाठी प्रत्येक आगार व्यवस्थापकाने कामगिरीच्या तक्त्यात गाडीच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांशेजारी विश्रांतीचे तासही लिहावेत, तो तक्ता कर्मचाऱ्यांस वाचता येईल अशा जागी लावावा, आणि ज्या रकान्यात ९ पेक्षा कमी आकडा दिसेल त्याचा जाब विभाग नियंत्रकाने दर महिन्यास घ्यावा.