कामठा दोन्ही बाजूंनी सारखा वाकतो का, एवढं तरी बघा!

परवा तालुक्यातल्या एका वसतिगृहात गेलो होतो. तिथे पोरांच्या सरावासाठी सरकारी खर्चाने बांबूचे कामठे आलेत. चकचकीत रंगवलेले, वर स्टिकर. एका पोराने दोर अर्धा ओढला आणि कामठा काडकन मोडला. बांबूची चीप डोळ्याला चाटून गेली. साहेब म्हणाले, "पोरं नीट वापरत नाहीत."

साहेब, चूक पोराची नाही. मी उरलेले कामठे दोर चढवून बघितले. बहुतेकांची एक बाजू काठीसारखी ताठ आणि दुसरी एकाच जागी दुमडणारी. सगळा ताण त्या एका जागेवर. मग मोडणार नाही तर काय?

आमच्या सातपुड्यात एक बाबा अजून कामठे करतात. मागे त्यांच्याकडे अख्खी दुपार बसलो होतो. बांबू चिरून आकार द्यायला फार वेळ लागत नाही, खरं काम त्यानंतर सुरू होतं. कामठा मधोमध खुंटीवर टेकवायचा, दोर थोडा थोडा खाली ओढायचा आणि लांब उभं राहून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. जिथे ताठ आहे तिथेच आतून खरवडायचं, आधी विळ्याने, शेवटी काचेच्या तुकड्याने. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही. बाहेरच्या सालीला तर अजिबात नाही, कारण ताण सोसणारे धागे तिथेच दाट असतात. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. जाडी १० टक्के कमी झाली की ताठपणा साधारण २७ टक्क्यांनी उतरतो, आणि एकदा काढलेलं परत चिकटवता येत नाही. बाबा म्हणाले, "भाऊ, घाई केली की सरपण होतं."

आता खरेदीचा कागद बघा. मी बघितला. त्यात लांबी आहे, रंग आहे, नायलॉनचा दोर आहे, सर्वांत कमी दर आहे. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत, ही एक ओळ नाही! म्हणजे बाबांच्या दुपारची किंमत शून्य. कमी दर कुठून येतो, कळलं?

कोणी म्हणेल, आता फायबरचा जमाना, बांबू कशाला? अहो, राष्ट्रीय स्पर्धांमधला 'इंडियन राउंड' आजही ५० आणि ३० मीटरवर बांबूच्याच धनुष्याने खेळतात. राजस्थानचे लिंबाराम लहानपणी बांबूच्याच धनुष्यावर शिकले आणि १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळले. आमच्या पोरांच्या हातात मात्र सरपण.

९ ऑगस्टला स्टेजवर कामठा ओढून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. खरेदीच्या कागदात ती एक ओळ घाला. माल ताब्यात घेताना प्रत्येक कामठा खुंटीवर लावून ओढा. तपासायला गावातल्या जाणत्या कारागिराला बोलवा आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. यासाठी ना समिती लागते, ना बैठक. एक खुंटी, एक दोर आणि बघणारे डोळे पुरतात.

मित्रांनो, तुमच्या गावच्या शाळेत, वसतिगृहात असे कामठे आले असतील तर पोरांच्या हातात देण्याआधी खुंटीवर लावून बघा. वाकडे निघाले तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. छापायचं काम माझं.