आकाश कोणाचे?

तंत्र किती प्रगत असावे, यापेक्षा ते कोणाच्या हाती पोहोचावे, हा प्रश्न समाजवाद्यांना अधिक मोलाचा वाटला पाहिजे. हॅम रेडिओच्या हौशी मंडळींनी २००० साली इंधनासह सहाशे किलोंहून अधिक वजनाचा अत्याधुनिक ‘ऑस्कर-४०’ उपग्रह अंतराळात धाडला. आरंभीच्याच अपघाताने तो पंगू झाला व २००४ मध्ये कायमचा मूक झाला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला भारताचा ‘हॅमसॅट’ अवघा ४२.५ किलोंचा होता. साध्या संचावरही त्याच्यामार्फत संभाषण करता येई. २०१४ पर्यंत त्याने सेवा दिली.

एका अपघाताने प्रगत तंत्र त्याज्य ठरत नाही. परंतु ज्याचा संच कामगाराच्या मुलाला परवडत नाही, ती प्रगती मूठभरांचीच राहते. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा ‘प्रथम’ २०१६ साली अवकाशात गेला. इतर महाविद्यालयांना ग्रहणकेंद्रे उभारण्यास साहाय्य करणे हा त्या योजनेचाच भाग होता. मग पवईलगतच्या घाटकोपर-मुलुंडमधील महापालिका शाळांनीच वंचित का राहावे? लाकडी दांडा व मोजपट्टीची पोलादी पाती यांतूनही अँटेना साकारते. शाळेच्या गच्चीवर एक ग्रहणकेंद्र, ही मागणी कार्यकर्त्यांनी महापालिकेपुढे धसास लावावी. सार्वजनिक पैशाने गाठलेले आकाश सार्वजनिकच असले पाहिजे.