बाळ कुणाला द्यायचं, हे ठरवायचं कुणी?

बिलोलीहून बोधनला जाताना मांजरा नदीवर येसगीचा पूल लागतो. पूल ओलांडला की तेलंगण. माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं, सासर पलीकडच्या एका गावात. २०१४ च्या डिसेंबरात आपा माहेरी बाळंत झाली. बाळ पाच दिवसांचं असताना माझे मामू त्याला दुपट्ट्यात गुंडाळून याच पुलावरून घेऊन गेले आणि एका बेऔलाद जोडप्याच्या हवाली केलं. शंभर रुपयांच्या बाँडवर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आपाचा अंगठाही होता. आपा दहावी शिकलेली आहे, सही करते. तिचा अंगठा कसा काय लागला, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी अठरा वर्षांची होते.

आज लिहितेय ते आपाच्या परवानगीने. आणि यासाठी की, गेल्या वर्षी पुन्हा तसाच प्रसंग समोर आला.

आधी आपाचं सांगते. दिवसभर विड्या वळायची. नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. सीमेवरच्या गावांत शिंदी स्वस्त मिळते, आणि विड्यांच्या सुपापर्यंत बाटली कोणीतरी आणून देतं. आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको की, शिंदीच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात झाडाचा रस किती आणि गोळ्यांची पूड किती. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही नावं आपाला माहीत नव्हती. तिला एवढंच कळायचं की, संध्याकाळी ती मिळाली नाही तर हात थरथरतात, मान वाकडी होते, भिंतीवर माणसं दिसतात. २०१५ मध्ये तेलंगणात या भेसळीवर जोराची कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद-महबूबनगरकडची माणसं अशाच अवस्थेत दवाखान्यांत आली होती आणि ते वर्तमानपत्रांतही आलं. म्हणजे हा एका बाईचा बेशरमपणा नव्हता. पण आमच्या घरात तो बेशरमपणाच होता. मुसलमानाची मुलगी, पोटुशी आणि शिंदी पिते!

सातव्या महिन्यात अम्मीने तिला खोलीत कोंडलं. सुटेल म्हणून. तिसऱ्या दिवशी तिला झटका आला. आज मला माहीत आहे की, झोपेच्या गोळ्यांची किंवा दारूची सवय एकदम तोडणं धोक्याचं असतं, गरोदरपणात तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ती हळूहळू, देखरेखीखाली उतरवतात. बाळ जन्मल्यावर त्यालाही काही दिवस त्रास होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. पण त्यासाठी प्रसूतीच्या डॉक्टरला आधी खरं सांगावं लागतं. आम्ही सांगितलं नाही. तपासणीला नेलं त्या दवाखान्यात अम्मीने ‘फिट येते’ एवढंच सांगितलं.

आता मामूंची बाजू. ते वाईट माणूस नाहीत. पैसे घेतले नाहीत, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. बाळंतपणाचा खर्च मात्र त्या जोडप्याने दिला. ही रेघ कुठे संपते आणि सौदा कुठे सुरू होतो, हे मला आजही ठरवता येत नाही. कायद्याला ठरवता येतं. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार समिती आणि संस्था टाळून मूल दत्तक म्हणून देणं-घेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाची विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि त्यात दवाखान्याचा माणूस सामील असेल तर त्याला तीन ते सात. आपल्या तालुक्यात अशा शंभर रुपयांच्या बाँडला लोक ‘कागद केला’ म्हणतात. तो कागद रद्दी आहे. त्याने ना मुलाला आई-बाप मिळतात, ना त्या आई-बापांना मूल. भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक बाप, जन्माच्या नोंदीत दुसरा. पुढे त्या जोडप्याला स्वतःचा मुलगा झाला. उद्या घराच्या वाटणीत हा कोण लागणार? एका लग्नात तो आपाच्या समोर आला, तेव्हा कोणीतरी त्याला सांगितलं, ‘खाला को सलाम करो.’ त्याने केला.

त्या रात्री आपा मला म्हणाली, ‘मेरेकू पूछा क्या किसीने?’

माझं म्हणणं या एका वाक्याभोवतीच आहे. मूल देऊ नये, असं मी म्हणत नाही. आपाची तेव्हाची हालत मी पाहिली आहे, कदाचित तिने स्वतःच दिलं असतं. पण गरोदर आणि नशेत अडकलेली बाई आपल्या समाजात फक्त दोन हुकूम ऐकते: ‘दे’ किंवा ‘सांभाळ’. दोन्ही हुकूम दुसऱ्यांचे. आणि दोन्ही देणाऱ्यांपैकी एकही जण तिला उपचाराला नेत नाही.

तिसरी वाट आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी कुणी दाखवली होती, ते बघा. १८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना जाहीर कळवलं होतं की, इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हा. मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं, ते तुमच्या मर्जीवर. निर्णय तिच्यावर सोडला होता, ते मला महत्त्वाचं वाटतं. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली आणि तिचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. आपण जयंतीला फोटोला हार घालतो, पण त्या घराचं दार कशासाठी उघडं होतं ते विसरतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा मुद्दा: ‘इस्लाममध्ये दत्तक नाही.’ हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याने बऱ्याच पोरी मेल्या आहेत. सूरह अहजाबचा भर नसब पुसू नये यावर आहे. मुलाची खरी ओळख लपवू नये, बाप माहीत नसेल तर त्याला आपला दीनी भाऊ मानावं. यतीमाला घरात घेऊ नये, असं तिथे कुठेही नाही. नबी स्वतः यतीम होते, आजोबा आणि चाचांच्या घरी वाढले. कफालत आपल्याला परकी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही तिचं नाव आहे. आणि मूसांच्या वालिदाचं काय? सूरह कससमध्ये तिने बाळ नदीत सोडलं. कुरआन तिला दोष देत नाही. बाळाची बहीण लांबून नजर ठेवत मागे मागे गेली, हा तपशील मी लहानपणापासून ऐकला होता, समजला उशिरा.

कायद्याचा इतिहासही आपणच अडवून ठेवलेला आहे. १९७२ मध्ये सर्वधर्मीयांसाठी दत्तक विधेयक आलं, आपल्या पुढाऱ्यांनी विरोध केला, १९७८ मध्ये ते मागे घेतलं गेलं. १९८० च्या विधेयकात मुसलमानांना वगळलं. शेवटी १९ फेब्रुवारी २०१४ ला शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. ज्याला घ्यायचं नाही त्याच्यावर सक्ती नाही. म्हणजे मामू पुलावरून गेले, त्याच्या दहा महिने आधी रीतसर रस्ता मोकळा होता. त्या जोडप्यालाही, आपल्यालाही. आमच्यापैकी कुणाला पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी देगलूरकडची एक मुलगी माझ्याकडे आली. बावीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, सहावा महिना, ‘बटण’च्या गोळ्यांची सवय. तिला कुणी सांगितलं होतं की, माझ्या बहिणीचं बाळ ‘चांगल्या घरी’ गेलं, तसं हिचंही करून द्या. मी तिला पुलाची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघी नांदेडला गेलो. आधी डॉक्टरकडे, खरं सांगायला. तिथे तिला एक टोमणा ऐकावा लागला, तो इथे लिहीत नाही. गोळ्या कमी करत आणायला तीन महिने गेले, मधे एकदा ती घसरली.

मूल जन्मण्याआधी कुणीही कायद्याने ते ‘देऊ’ शकत नाही, हे आम्हाला तिथेच कळलं. तोपर्यंत फक्त तयारी करता येते: राहायचं कुठे, बाळंतपण कुठे, सोबत कोण. राहायची सोय नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला किंवा १८१ वर विचारता येतं. बाळ झाल्यावर बाल कल्याण समितीपुढे जायचं. समिती बोलते, समजावते, मूल ठेवता येईल का ते बघते, आणि मगच समर्पणपत्र होतं. लग्नाशिवायचं मूल असेल तर एकट्या आईची सही पुरते; तिच्या बापाची, भावाची, मामूची लागत नाही. नवरा-बायको असतील तर दोघांची लागते, आणि एकाचा पत्ताच नसेल तर समिती चौकशी करून वेगळ्या मार्गाने जाते. (मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रकरण पोक्सोत जातं, ते लपवू नका.) सहीनंतर दोन महिने विचार बदलायला मिळतात. बाळ तेवढे दिवस सहसा दत्तक संस्थेत असतं. नाव उघड करणं गुन्हा आहे. नाइलाजाने मूल सोडावं लागलेल्या आईला कायदा गुन्हेगार धरत नाही. उकिरड्यावर टाकण्याची वेळ कुणावरही येऊ नये म्हणूनच हे दार आहे.

तिला एकाच गोष्टीचा त्रास झाला. तिने विचारलं, ‘मुसलमानाच्या घरी जाईल का?’ मी खोटं बोलले नाही. आई घर निवडू शकत नाही. मूल ‘कारा’च्या नोंदणीतून, रांगेतल्या क्रमाने जातं. ती बराच वेळ गप्प होती. मग मला राग आला, पण तिच्यावर नाही. मुसलमान जोडपी त्या रांगेत उभीच राहिली नाहीत, गुपचूप बाँड करत राहिली, तर या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येणार कुठून? ज्यांना नसबचा प्रश्न छळतो त्यांनी मुलाला त्याचा जन्म लपवू नये. मोठेपणी मूळ शोधायची सोय दत्तकाच्या नियमांतही आहे.

तिने दोन महिन्यांत विचार बदलला नाही. मी बदलेल असं धरून चालले होते, आणि तिच्यापेक्षा मलाच ते जड गेलं. ती आता पुण्यात उपचार घेते. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी वेगळा विभाग आहे, हे आपल्याकडच्या किती घरांना माहीत आहे? व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. मशिदीच्या फलकावर चंद्र दिसल्याची खबर लावतो, तिथे हा नंबर लावायला काय हरकत आहे? मी बिलोलीत एकदा विचारून पाहिलं. ‘लोक काय म्हणतील’ असं उत्तर आलं. पुन्हा विचारणार आहे.

मामूंशी यावर बोलणं झालं. ते म्हणाले, ‘तेव्हा ती शुद्धीवर तरी होती का? कुणाला विचारायचं होतं?’

लेख पाठवण्याआधी आपाला पूर्ण वाचून दाखवला. तिने नाव घालू नको म्हटलं, नवऱ्याबद्दलची दोन वाक्यं काढायला लावली, आणि मामूंच्या वरच्या वाक्यापाशी थांबवून सांगितलं की, पाच दिवस तिने बाळाला स्वतः दूध पाजलं, रात्री कितीदा उठली तेही तिला आठवतं, हे लिही.